राबाचा धूर आणि तेलाचा काटा

होळी होऊन गेली की आमच्याकडे राब पेटतात. पोशीरच्या बाजूला अजूनही काही घरं राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या आणि गवत असं सगळं वाफ्यावर पसरायचं, वरून माती भुरभुरायची आणि वारा बघून पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या जागी पुढे भाताचं रोप तरारून येतं. सकाळी वारा पडलेला असला की हा धूर कुठे जात नाही, तिथेच जमिनीलगत लोळत राहतो आणि उन्हं चढली की हळूहळू गावात शिरतो. भिसेगावातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतूनही तो आत येतो. शेजारची सून म्हणते, "काकू, खिडकी लावून घ्या ना, किती हा धूर!" मी लावत नाही, कारण लावून काही उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. त्या धुरामागोमाग मला आणखी एक वास येतो, जो इथे दुसऱ्या कुणालाच येत नाही. तापलेल्या इंजिनातल्या तेलाचा वास. मग भर उकाड्यात माझे तळहात गार पडतात आणि मी स्वयंपाकघरात उगीचच भांडी इकडची तिकडे करत बसते.

लोकांना पावसाळा आठवतो, दिवाळी आठवते. माझ्या वाट्याला हा ऋतू आला. पळस झडून गेलेला, करवंदीच्या जाळ्यांत पांढरी फुलं, उल्हास नदीचं पाणी डबक्याडबक्यांत तुटलेलं, आणि सगळीकडे हा राखट, शेणकट वास. खरं तर वाईट नाही तो वास. लग्न होऊन देशावरून इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी मला तो आवडलाही होता. सासूबाई हसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, येक डाव कपड्यांत शिरला का जात नाय त्यो." त्यांचं बोलणं असं खरं व्हायचं होतं, हे त्यांनाही माहीत नसणार.

लढाई चालू होती ती वर्षं. आमचे हे भिवपुरीच्या वीजघरात कामाला. घरात सासूबाई, मी, माझी तीन वर्षांची सुमी आणि माझे दीर दिनूभावोजी. भावोजी मुंबईला एका गोऱ्या साहेबाकडे गाडीवर होते. साहेब लढाईवर गेला आणि जाताना आपली जुनी शर्यतीची गाडी भावोजींच्या स्वाधीन करून गेला. तो काही परत आला नाही, आणि गाडी मात्र आमच्या गोठ्यात येऊन बसली. गाडी कसली, अवदसा होती! नाक हे एवढं लांब, वर टप नाही, माणसं जेमतेम दोन मावणार, आणि इंजिनाच्या झाकणाला चामड्याचा पट्टा, बैलाच्या गळ्यात बांधावा तसा. चालू झाली की आळीतली गुरं दावी तोडायची. भावोजी मात्र सकाळी उठून आधी तिचं तोंड पुसायचे, मग स्वतःचं. मी म्हणायचे, "भावोजी, हिच्याशीच लावून द्या की तुमचं." ते म्हणायचे, "पत्रिका जुळत्ये वयनी, पण ती विलायतेची, आईला चालायची नाय."

पेट्रोल रेशनवर. भावोजींनी एक डबा तुपासारखा जपून ठेवला होता. इंजिनाचं तेल तर त्याहून दुर्मीळ. त्यामुळे गाडी फिरायची थोडी आणि तिच्याविषयी बोलणं व्हायचं फार. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली तेव्हा त्यांनी मला आणि सुमीला आत बसवलं आणि समोरच्या लाकडी फळीवरची घड्याळं समजावून दिली. वेगाचं, पाण्याचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, तेलाच्या दाबाचं. "वयनी, आतलं लोखंड तेलावर तरंगत असतं. पंप तेल ढकलतो म्हणून. ह्यो काटा वर हाय तवर आपण राजे. काटा पडला का लोखंडाला लोखंड घासलं, आन् मग समदं जाम. येका झटक्यात." सुमीने त्या काचेवर बोट ठेवून "काटा, काटा" केलं. मला तेव्हा त्या काट्यात काडीचाही रस नव्हता.

सुमीला ताप आला तो राबांच्या धुरातच. आधी आम्हाला वाटलं धुराने घसा धरला असेल, सगळ्यांचाच धरतो. दोन दिवस हळद-दूध, सुंठ, काय काय केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा श्वास ऐकू यायला लागला. श्वास ऐकू येणं म्हणजे काय हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि लगेच मिटलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "घटसर्प आहे. घशात पापुद्रा धरलाय, तो खाली सरकतोय. यावरचं सिरम माझ्याकडे नाही. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मिळेल. दुपारच्या आत पोचा." आणि मग, मी काही विचारायच्या आधीच, "रात्रीची वाट बघू नका."

पुण्याची सकाळची आगगाडी निघून गेली होती. लष्कराच्या गाड्यांमुळे पुढची कधी सुटेल याचा भरवसा स्टेशनवर कुणी देईना. भिवपुरीला निरोप धाडला, पण हे येईपर्यंत थांबायचं कशाला आणि आले तरी बसायचे कुठे? भावोजींनी चामड्याचा पट्टा आवळला, डब्यातलं सगळं पेट्रोल ओतलं आणि म्हणाले, "वयनी, बसा." सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी सुमीच्या कपाळाला हात लावला, मग त्याच हाताने गाडीच्या नाकाला. "मारुतीराया हाय तिच्यात," त्या म्हणाल्या. मला वाटलं म्हातारी धीर देतेय.

चौकच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना राब धुमसत होते आणि इर्शाळचं टोक त्या धुरातून नुसतंच वर तरंगल्यासारखं दिसत होतं. सुमीला मी दुपट्यात गुंडाळून छातीशी धरली होती. तिची मान दोन्हीकडून सुजली होती आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा बघायचा मला धीर झाला नाही. मग बघायचं कुठे? समोर फळी होती, फळीवर ती घड्याळं. मी त्या तेलाच्या काट्याकडे बघायला लागले. तो हलत होता आणि मला कळेल अशी ती एकच गोष्ट होती.

चौक मागे पडलं आणि काटा खाली यायला लागला.

भावोजींनी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी जरा खाली बसला. त्यांनी वेग वाढवला, काटा अजून खाली. वेग कमी केला, तर किंचित वर. एरवी हा माणूस झोपेतही बडबडायचा, पण तेव्हा ते नुसते इंजिनाकडे कान देऊन होते. त्याने मी जास्त घाबरले.

"भावोजी, काय झालं?"

"काय नाय."

"मला दिसतोय काटा."

त्यांनी गाडी खालापूरच्या अलीकडे एका आंब्याखाली घेतली आणि बंद केली. इंजिनाचा आवाज थांबल्यावर सुमीचा श्वास तेवढा उरला. मी ओरडले. मी भावोजींवर कधी आवाज चढवला नव्हता, थट्टेत सोडून. "थांबू नका! थांबायचं नाही! ती गाडी मरू दे, पण आधी पोचवा!"

ते खाली उतरून उभे राहिले होते. "वयनी, काटा खोटं बोलत आसंल तर आपण उगाच थांबलो. पण खरं बोलत आसंल, तर घाट चढताना इंजिन मदीच जाम होईल. तिथं कोण नाय. ना वर जाता येईल, ना खाली. मला बघितल्याबगर नेता यायचं नाय."

माझ्या मांडीवर लेक होती आणि या माणसाला आधी ठरवायचं होतं की काटा खरा की खोटा. आज वाटतं, दुसरा एखादा असता तर माझ्या ओरडण्याला भिऊन तसाच निघाला असता.

काटा नुसतं एवढंच सांगतो की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते सांगत नाही. सुमीचा तापही दोन दिवस तेच करत होता आणि आम्ही सुंठ उगाळत बसलो होतो.

त्यांनी आधी तेल मोजायचा गज काढून पुसला, बुडवला, परत काढला. तेल भरपूर होतं. मग घड्याळाला येणारी तांब्याची बारीक नळी इंजिनाच्या बाजूने सोडवली आणि हँडल मारून इंजिन चालू केलं. नळीच्या जागेतून तेलाची चिळकांडी उडायला हवी होती. नुसतं ओघळलं. म्हणजे घड्याळ खरं बोलत होतं. तोवर मी आतल्या आत घड्याळ खोटं निघावं म्हणून देवाला विनवत होते. नंतर त्यांनी एक लांब पेचकस इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी सकाळी सुमीच्या छातीला नळी लावली होती तेव्हा त्यांनीही असेच डोळे मिटले होते.

"आत लोखंडाचा ठोका नाय," भावोजी म्हणाले. "बेअरिंग शाबूत हाय. अजून."

नळी परत बसवून त्यांनी मला सांगितलं, "मी हितून इंजिनाचा वेग वाढवतो. तुमी काट्याकडं बगा आन् वरडून सांगा."

मी सांगत गेले. "खाली... अजून खाली... आता वर... खाली." माझा आवाज मलाच परका वाटत होता. सुमीने एकदा डोळे उघडले, त्या आवाजाने असेल, आणि पुन्हा मिटले.

भावोजींनी इंजिन बंद केलं. "बेअरिंग झिजलं आसतं तर वेग वाढवल्यावर काटा वर गेला आसता. ह्यो उलटा जातो. म्हंजे तेल हाय, पंपबी हाय, पण पंपाला तेल वडता येत नाय. तोंडाशी जी जाळी आसते ना, तिच्यावर काय तरी बसलंय. घसा आवळलाय तिचा."

ते बोलून गेले आणि मग आमची नजरानजर झाली.

जाळी काढायची तर खालचं सगळं तेल आधी काढून घ्यायला हवं. ते जमिनीवर सोडून चालणार नव्हतं, कारण लढाईच्या दिवसांत खालापुरात काय, खोपोलीतही दुसरं तेल मिळालं नसतं. आणि आमच्याजवळ भांडं नव्हतं. शेजारच्या वावरात एक बाई राब भाजत होती. आमचा गोंधळ ऐकून हातात काठी घेऊन ती बांधावर आली. काळी सावळी, माझ्याच वयाची असेल, डोळे धुराने लाल.

"काय झालं वं? गाडी बंद पडली का?" तिने विचारलं आणि मग तिला सुमी दिसली. "आगं बाय. मान बग पोरीची."

भावोजींनी भांडं मागितलं. तिच्याजवळ एकच टोप होता, बांधावर ठेवलेला, राबावरच्या माणसांसाठी पेज आणलेला. तिने एकदा टोपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेज सरळ बांधावर ओतून दिली. "पेज काय, पुन्ना रांदंन," ती म्हणाली. भातशेतीच्या गावात कुणी अन्न असं मातीत ओतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिने टोप पुसून दिला आणि माझ्या बाजूला उभी राहून पदराने सुमीला वारा घालत राहिली. तिचं नाव मी विचारलं नाही. आमच्या दोघींचं धुराने तोंड भरलेलं होतं.

भावोजी गाडीखाली सरपटले. टोपात काळं तेल पडायला लागलं, जाड, सावकाश. एक पितळी झाकण सुटलं आणि पाठोपाठ कोपरापर्यंत काळा झालेला हात आणि मागून भावोजींचं डोकं बाहेर आलं. त्या हातात जाळी होती, वाटीएवढी. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर एक चिकट, जाड साय धरली होती. भावोजींनी नखाने तिची कड उचलली आणि ती अखंड निघून आली, कातडं सोलावं तशी. काळ्या तेलाखाली ती केशरी होती.

मी पाहत राहिले. घशात पापुद्रा धरलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. एखाद्याने माझ्या लेकीच्या घशातूनही असंच नख घालून काढावं, असं मला इतकं वाटलं की मी हुंदका दिला.

भावोजींनी तो केशरी गोळा बोटांत चोळला. नाकाशी नेला. आणि गाडीखालून निघून सरळ मातीत बसले.

"शेंदूर हाय," ते म्हणाले. "वयनी, ह्यो शेंदूर हाय. मारुतीचा."

मग त्यांना आठवलं. संक्रांतीच्या सुमाराला सासूबाईंनी विचारलं होतं, "हिला त्याल कुटनं घालत्यात रं?" भावोजींनी फुशारकीने झाकण उघडून दाखवलं होतं. म्हातारीला गाडीचं भय होतं. मुलगा त्या अवदसेत बसून उधळतो, कुठेतरी आपटेल म्हणून ती दर शनिवारी मारुतीला खुरासणीचं तेल वाहायची. अंगावरून ओघळून खालच्या दगडी कुंडीत जमलेलं तेच शेंदरी तेल गडूत भरून आणायची आणि कुणी नसताना इंजिनात ओतत असणार. देवाच्या अंगावरचं तेल, याहून भारी तेल कुठलं? गुडघ्यांना तेच लावायची, सुमी पडली तर तिलाही तेच. इंजिनाच्या उष्णतेने ते खुरासणीचं तेल आटून आटून डिंकासारखं झालं होतं आणि शेंदूर घेऊन जाळीवर बसलं होतं. मारुतीराया हाय तिच्यात.

मला इतका संताप आला की सासूबाई समोर असत्या तर काय बोलले असते देव जाणे. पण रागालाही वेळ लागतो आणि तो नव्हता. भावोजींनी टाकीतलं थोडं पेट्रोल घेऊन जाळी धुतली, फुंकून पाहिली, उन्हाकडे धरली. त्या बाईने टोप उचलला, मी माझा पदर फाडला, आणि आम्ही दोघींनी ते तेल पदरातून गाळून परत इंजिनात घातलं. ताक गाळतात तसं. पदरात केशरी गाळ उरत होता. तिचा टोप काळाकुट्ट झाला होता, तो आता कधी चुलीवर चढायचा नव्हता. भावोजी काही म्हणायला गेले तर ती चिडून म्हणाली, "हवू द्या, जावा की तुमी!"

हँडल मारलं. काटा पडून राहिला. पडूनच राहिला. मग तो हलला आणि, कुणी हात देऊन उठवावं तसा, वर गेला.

घाटाचं मला फारसं आठवत नाही. वळणं आठवतात, डावीकडची खोल दरी आठवते, उलट्या दिशेने येणारे लष्कराचे ट्रक आठवतात. मुख्य म्हणजे काटा आठवतो. तो जिथे असायला हवा त्याच्या जरा खालीच होता, कारण सगळी घाण काही निघाली नव्हती. प्रत्येक वळणावर तो झुकायचा आणि मी पायाची बोटं आवळायचे. भावोजी अधूनमधून विचारायचे, "किती हाय?" मी सांगायचे. सुमी कशी आहे, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. खंडाळ्याच्या वर आल्यावर गार वारा लागला आणि मला जाणवलं की तिचा श्वास मला ऐकू येत नाहीये. इंजिनाच्या आवाजाने असेल. वाऱ्याने असेल. मान खाली घालायची की झालं, पण ते माझ्याच्याने होईना. छातीशी धरलेली ऊब होती, ती तिची की माझी तेही कळत नव्हतं. मी काट्याकडे बघत राहिले, लोणावळा, कामशेत, वडगाव, सगळीकडे फक्त काटाच.

सासूबाईंना आम्ही ते शेंदराचं कधीच सांगितलं नाही. पोर वाचलं तर सांगायचं कशाला, आणि नाही वाचलं तर कोणत्या तोंडाने, असं भावोजी त्या आंब्याखालीच म्हणाले होते. पुढे त्यांनी तेलाच्या झाकणाला लहानसं कुलूप लावलं आणि आईला सांगितलं, चोर फार झालेत. माझा राग मात्र बरीच वर्षं टिकला. तो कधी गेला ते मला आठवत नाही, पण त्या शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना मारुतीचं तेल मीच लावत होते.

इस्पितळाच्या पायरीशी गाडी थांबली. कुणीतरी माझ्या मांडीवरून सुमीला उचललं, एक पांढरी बाही तेवढी मला दिसली. भावोजींनी इंजिन बंद केलं. आणि काटा खाली आला, सरळ शून्यावर. इंजिन थांबलं की तो शून्यावर येतोच, दसऱ्याला त्यांनी मला शिकवलं होतं. तरी मोकळ्या मांडीने मी तिथेच त्या शून्याकडे बघत बसून राहिले. आत जायला हवं होतं. मी उतरले नाही. भावोजीही उतरले नाहीत. त्यांचे काळे हात चाकावर तसेच होते.

किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. मग आतून आवाज आला. घोगरा, चिरका, कावळ्याच्या पिल्लासारखा. कुणीतरी तिला सुई टोचली होती आणि तिला त्याचा भयंकर राग आला होता. ती थांबायची, श्वास ओढायची, आणि पुन्हा तोच बेसूर आवाज लावायची. एवढं वाईट रडणं मी कुठल्या मुलाचं ऐकलेलं नाही.

"ऐकलंत का भावोजी?"

"ऐकतोय, वयनी," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मग मी गाडीतून उतरले आणि माझ्या लेकीकडे बघायला आत गेले.